‘काका’ म्हणणारी पोर आणि कपाळावरची पट्टी

शहापूरच्या थांब्यावर भंडाऱ्याकडे जाणारी एसटी थांबते, माणसं चढू लागतात आणि दारापाशी कुणीतरी म्हणतंच, "काकाजी, सरका जी थोडं." ज्याला काकाजी म्हटलं त्याचं नाव माहीत नसतं, गाव माहीत नसतं. तरी तो सरकतो. एका शब्दात त्याला घरचा करून टाकलेलं असतं, मग तो अडून कसा बसणार?

सोलच्या बसमध्येही असंच चालतं हे कळलं तेव्हा मला फार नवल वाटलं. कोरियन भाषेत अनोळखी मध्यमवयीन पुरुषाला ‘आजोशी’ म्हणतात, बाईला ‘आजुम्मा’. मोठ्या भावाला बहीण ‘ओप्पा’ म्हणते आणि धाकटा भाऊ ‘ह्योंग’ म्हणतो. भाऊ एकच, पण हाक मारणारं कोण यावर शब्द बदलतो. आणि हे शब्द रक्ताच्या नात्यापुरते राहत नाहीत; शेजारी, दुकानदार, रस्त्यावरचा कुणीही त्यांत बसतो. बापाला तर तिकडे ‘आप्पा’ म्हणतात आणि आईला ‘ओम्मा’. हे ऐकून आपण लगेच नातं जोडायला धावतो, पण भाषाशास्त्र तसं मानत नाही. बाळाच्या ओठांना प, ब, म हे वर्ण सगळ्यांत आधी जमतात, म्हणून एकमेकांशी संबंध नसलेल्या भाषांतही आईबापांची नावं अशीच निघतात. मला तर हे कारण नात्यापेक्षाही सुंदर वाटतं.

तर ‘आजोशी’ याच नावाचा एक चित्रपट २०१० साली कोरियात आला. दिग्दर्शक ली जिओंग-बोम, नायक वोन बिन, आणि नायकाला काका म्हणणाऱ्या मुलीच्या भूमिकेत दहा वर्षांची किम से-रॉन. सुमारे पाच कोटी वस्तीच्या देशात त्याची साठ लाखांहून जास्त तिकिटं खपली. त्या वर्षीचा तो तिथला सर्वाधिक चाललेला कोरियन चित्रपट. बाहेरच्या जगात तो ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’ या नावाने गेला, म्हणजे कुठून आला कुणास ठाऊक असा माणूस. नाव दिमाखदार आहे, पण त्यात काका हरवला. आणि सगळी गोष्ट तर त्या हाकेवर उभी आहे.

नायक चा ते-शिक गहाणवटीचं दुकान चालवतो. कुणाशी बोलत नाही, केस डोळ्यांवर, जाळीच्या खिडकीआड बसलेला. पूर्वी तो सरकारच्या गुप्त मोहिमांवरचा प्रशिक्षित मारेकरी होता. गरोदर बायको डोळ्यांदेखत मारली गेली आणि त्याने जगाला पाठ दाखवली. शेजारी सो-मी राहते. तिची आई क्लबात नाचते आणि नशेच्या विळख्यात आहे. एक दिवस सो-मीवर चोरीचा आळ येतो. पोलिसासमोर ती समोरून येणाऱ्या ते-शिककडे बोट दाखवते आणि सांगते, हे माझे बाबा. तो तिच्याकडे पाहतो आणि चालू लागतो.

नंतर ती त्याला जे म्हणते ते माझ्या शब्दांत सांगतो. तुमचा राग आला, पण तुमचा राग धरला तर मला आवडणारं कुणीच उरणार नाही, म्हणून धरत नाही. मारामारीच्या चित्रपटात हे वाक्य येतं आणि पुढच्या सगळ्या सुऱ्या, सगळ्या गोळ्या या वाक्याची परतफेड करायला निघाल्यासारख्या वाटतात. सो-मीला पळवून नेतात. मुलांकडून अंमली पदार्थ वाहून घेणारी, माणसांचे अवयव विकणारी टोळी आहे, तिचे सूत्रधार दोन भाऊ. काका आरशासमोर उभा राहून आपले केस यंत्राने भादरतो आणि निघतो.

आता खरी नवलाची जागा. टोळीकडे एक भाडोत्री मारेकरी आहे, रामरोवान. तो कोरियन नाही. ही भूमिका थायलंडच्या थानायोंग वोंगट्राकुल या नटाने केली आहे. परदेशी चेहरा, मोजके शब्द, हातात सुरी. सूडपटात असा माणूस कशासाठी असतो हे आपल्याला पाठ असतं. तो परका आहे एवढंच त्याच्या दुष्टपणाचं कारण पुरतं आणि नायकाच्या हातून मरणं एवढंच त्याचं काम. पण कैदेतली सो-मी या माणसाच्या कपाळावरची जखम पाहते आणि तिथे चिकटपट्टी लावते. लहान मुलं लावतात तशी, फुंकर घातल्यासारखी.

त्या पट्टीने चित्रपट वळतो. पुढे तिचे डोळे काढायची वेळ येते तेव्हा हाच मारेकरी डॉक्टरला संपवतो आणि मुलीला वाचवतो. आपल्याला हे शेवटीच कळतं. आणि शेवटच्या झुंजीत, हातात पिस्तूल असताना तो ते बाजूला टाकतो आणि नायकासमोर सुरी घेऊन उभा राहतो. बरोबरीच्या माणसाला बरोबरीचा मान. अख्ख्या टोळीत ज्याला आतलं मन दिलं आहे, तो एकटाच बाहेरचा आहे. पडद्यावर सगळ्या तऱ्हेची माणसं दिसली पाहिजेत असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा डोकी मोजतो. इथे एकच डोकं आहे, पण त्याच्या कपाळाला कुणीतरी हात लावला आहे. मोजणीत हा फरक कुठल्या रकान्यात लिहायचा?

झुंजीची विद्याही पाहण्यासारखी आहे. ते-शिकच्या हातांतलं युद्ध तायक्वांदोच्या उंच लाथांचं नाही. फिलिपिन्सची काली-अर्निस आणि मलय-इंडोनेशियन मुलखातलं सिलात या पद्धतींवर ते बेतलं आहे. अंतर कमी, मनगट पकडायचं, कोपर वळवायचं, समोरच्याची सुरी त्याच्याच अंगाकडे फिरवायची. अर्निस ही काठी-सुरीची विद्या. फिलिपिन्सने २००९ साली कायदा करून तिला राष्ट्रीय युद्धकला ठरवलं. म्हणजे परका मारेकरी आग्नेय आशियातला आणि त्याला भिडणाऱ्या कोरियन नायकाच्या हातातली विद्याही आग्नेय आशियातलीच. शुद्ध कोरियन म्हणावी अशी गोष्ट तायक्वांदोतही पुरती सापडत नाही. हे नाव १९५५ मधलं. ते रुजवणारे जनरल चोई होंग-ही तरुणपणी जपानमध्ये कराटे शिकलेले होते. हात कुणाकडून काय शिकले याचा हिशोब सीमेवरचे पहारेकरी ठेवू शकत नाहीत.

या काकाला पुढे थेट आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणलं ते एका मराठी दिग्दर्शकाने.

निशिकांत कामत. दादरला वाढलेला, रुईया कॉलेजच्या नाटकांतला मुलगा. २००५ साली त्याने ‘डोंबिवली फास्ट’ केला आणि बँकेतल्या माधव आपटेला हातात बॅट देऊन मुंबईच्या रस्त्यावर सोडलं. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पुढे कामतनेच तो तमिळमध्ये आर. माधवनला घेऊन पुन्हा केला. माधव आपटेचा राग मला अजून आठवतो, कारण लोकल, बाटलीबंद पाणी, शाळेतली देणगी, सगळं आपल्या घरातलं होतं. रागाला पत्ता होता.

या दिग्दर्शकाने २५ मार्च २०१६ रोजी ‘रॉकी हँडसम’ आणला. कोरियन ‘आजोशी’चाच हिंदी अवतार, कित्येक प्रसंग जसेच्या तसे. गहाणवटीचं दुकान आता गोव्यात. नायक कबीर अहलावत, जॉन अब्राहम. छोटी नाओमी झाली दिया चलवाड. पोलीस अधिकारी शरद केळकर. मुलीच्या आईच्या भूमिकेत ब्राझीलमध्ये जन्मलेली नतालिया कौर. परका मारेकरी झाला कझू पॅट्रिक टँग. मूळचा फ्रान्सचा, थाई ॲक्शनपटांतून पुढे आलेला. आणि खलनायक केविन परेरा? खुद्द निशिकांत कामत.

ही नावांची यादी नुसती वाचली तरी केवढा भूगोल त्यात गोळा झाला आहे! जॉनचे वडील केरळचे सीरियन ख्रिस्ती, आई पारशी. पडद्यावर तो हरियाणाकडचं आडनाव लावून उभा. कामत हे आडनाव गोव्या-कोकणातलंच. तो उभा परेरा होऊन. परेरा म्हणजे पोर्तुगीजमध्ये नाशपातीचं झाड. १५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले, धर्मांतरं झाली आणि बाप्तिस्म्याच्या वेळी इथल्या घरांना तिकडची आडनावं मिळाली. कामत आणि परेरा ही आडनावं आज दोन वेगळ्या जगांची वाटतात. चार-पाचशे वर्षं मागे गेलं तर ती माणसं एकाच वाड्यावर, एकाच देवळाच्या भोवती राहणारी असायची.

इथे मला मात्र वाईट वाटतं, आणि कामतच्या कामावर प्रेम आहे म्हणून जास्त वाटतं. कोरियातले खलनायक भाऊ कोरियनच होते. दुष्टपणा घरातला होता आणि माणुसकी बाहेरून आली होती. गोव्यात आल्यावर दुष्ट भावांना परेरा हे आडनाव मिळालं. एवढाच बदल, पण हिंदी चित्रपट पाहत वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. रॉबर्ट, मायकेल, पीटर ही नावं तस्कराच्या उजव्या हाताला लावायची आपल्याकडे जुनी सवय आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या साधारण पंचवीस टक्के होती, हिंदू साधारण सहासष्ट टक्के. पडद्यावरचा गोवा पाहून कुणाला हे खरं वाटेल? त्याच २०११ साली आलेल्या ‘दम मारो दम’मधल्या एका संवादावर गोव्यात संताप उसळला होता, तिथल्या बायकांविषयी तो हलकं बोलत होता. राग एका वाक्यावर निघाला, पण साचला होता कितीतरी वर्षांचा.

दुसरं नवल याच्या पोटात आहे. ज्या काळात पडद्यावर गोवेकर गुंडाचा हस्तक होता, त्या काळात पडद्यामागे हिंदी चित्रपटाचं संगीत गोवेकरांच्या हातांवर चाललं होतं. शंकर-जयकिशनच्या सुरावटींना वाद्यवृंदाचा आकार देणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवत. त्यांचा शिष्य म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभच्या पात्राला जे पूर्ण नाव मिळालं, ते या गुरूचं. आपण सगळ्यांनी ते नाव हजारदा ऐकलं आणि ते एका खऱ्या शिक्षकाचं असेल अशी शंकाही आपल्याला आली नाही. या मंडळींची गोष्ट कोकणीत सांगायला बार्डरॉय बार्रेटोचा ‘नाचुंया कुंपासार’ यावा लागला. गायिका लोर्ना आणि संगीतकार क्रिस पेरी यांच्या जगावरचा तो चित्रपट. गोव्याने गोव्याविषयी बोलल्यावर वादकाला घर मिळालं, भूक मिळाली, चूक करायचा हक्क मिळाला.

आणि हाक? ‘आजोशी’ हिंदीत आला तेव्हा छोटी मुलगी नायकाला ‘हँडसम’ म्हणू लागली. कोरियन पोर नातं सांगते, हिंदी पोर रूप सांगते. आपल्याकडे काका, मामा, चाचा, अंकल असे डझनभर शब्द हाताशी असताना हे व्हावं याची मला चुटपुट लागते. वोन बिनही दिसायला देखणाच होता. काका म्हणवून घ्यायला तो फारच तरुण आहे, असं कुणालाही वाटावं. तरी मुलीने त्याला काका म्हटलं, कारण तिला देखण्या माणसाची गरज नव्हती. या चित्रपटानंतर वोन बिनने आजवर दुसरा चित्रपट केलेला नाही. किम से-रॉन पुढे मोठी झाली, कामं करत राहिली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी गेली. निशिकांत कामत १७ ऑगस्ट २०२० रोजी हैदराबादला गेला, वय पन्नास. आता हे दोन्ही चित्रपट पाहताना मला त्यांत मारामारीपेक्षा हे चेहरे आधी दिसतात.

कोरियन चित्रपटाला सगळं जमलं असं मला म्हणायचं नाही. ‘आजोशी’तच बायका पाहा. सो-मीची आई मरण्यासाठी आहे, नायकाची बायको आठवणीत मरण्यासाठी आहे. बाईच्या हातात सूड द्यायचं काम पार्क चॅन-वूकने २००५ मध्ये ‘लेडी व्हेंजन्स’मध्ये केलं होतं आणि २०१७ च्या ‘द व्हिलनेस’मध्ये किम ओक-बिन सुरुवातीची कितीतरी मिनिटं एकटी लढते, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या जागी ठेवलेला.

त्याहून बोचरी गोष्ट चीनमधून आलेल्या कोरियन वंशाच्या लोकांची. त्यांना तिकडे ‘जोसोनजोक’ म्हणतात. भाषा तीच, रक्त तेच, पण पिढ्या चीनमध्ये गेल्या. परत आल्यावर मिळतं हलक्या पगाराचं काम आणि पडद्यावर मिळते गुंडाची भूमिका. २०१७ च्या ‘मिडनाइट रनर्स’मध्ये सोलचा देरिम-दोंग हा त्यांचा भाग गुन्हेगारांचा अड्डा म्हणून दाखवला, तेव्हा तिथले रहिवासी रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले आणि २०२० मध्ये निर्मात्या कंपनीला माफी मागावी लागली. परक्या मारेकऱ्याच्या कपाळाला पट्टी लावणारं तेच चित्रपटविश्व आपल्याच दुरावलेल्या भावंडांना पट्टी लावायला विसरलं. पूर्ण परक्याला माणूस मानणं सोपं असतं. जो अर्धा आपला आहे त्याच्याशी हिशोब असतात. आपल्याकडे परेराचं झालं ते याहून फार वेगळं नाही. या ‘मिडनाइट रनर्स’ची पुढची गंमतही सांगतो. तेलुगूत तो २०२२ साली ‘साकिनी डाकिनी’ झाला आणि दोन तरुणांच्या जागी दोन तरुणी आल्या, रेजिना कॅसांड्रा आणि निवेथा थॉमस.

२०११ चा ‘वांदगी’ हा कोरियन चित्रपट मात्र मला मनापासून आवडतो. किकबॉक्सिंग करणारा एक रागीट पोरगा. त्याला कळतं की आपली आई जिवंत आहे आणि ती फिलिपिन्सची आहे. ती आई झाली होती जॅस्मिन ली, स्वतः फिलिपिन्समध्ये जन्मून लग्नाने कोरियात आलेली. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, ती कोरियाच्या संसदेत निवडून गेली. बाहेरून येऊन नागरिक झालेली तिथली पहिली खासदार. पडद्यावर तिला मुलाने ‘आई’ म्हणायला किती वेळ लावला होता! आपल्या दिल्लीचा अनुपम त्रिपाठी ‘स्क्विड गेम’मध्ये अली झाला तोही याच वाटेने आलेला, सोलमध्ये नाट्यशिक्षण घेऊन.

हे सगळं शहापुरात बसून का आठवतं? कारण कुणाला कुठली भूमिका द्यायची, हाच प्रश्न आमच्याकडे दर हिवाळ्यात मंडप टाकून उभा राहतो. दिवाळी सरली की भंडारा-गोंदियाकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते आणि रात्री नाटक होतं, पहाटेपर्यंत. झाडीपट्टी रंगभूमी ही चार जिल्ह्यांची, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. नाटक मंडळ्यांचा मोठा तळ वडशाला. दंडार आणि खडीगंमत या तिच्या जुन्या मुळ्या. तिथे बाईचं काम पुरुषच करायचे. पुढे बाया रंगमंचावर आल्या. आज त्यांच्याशिवाय नाटकाची जाहिरात होत नाही. गडचिरोलीचे परशुराम खुणे या रंगभूमीवर आयुष्य घालवून २०२३ साली पद्मश्री झाले. आणि सूड? घराण्याचा सूड, जमिनीचा सूड, फसवल्या गेलेल्या बहिणीचा सूड; झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला कोरियाकडून शिकायची गरज नाही.

पण कान देऊन ऐकलं तर एक गोष्ट खटकते. नायक बोलतो पुस्तकी मराठीत आणि झाडीबोली बोलतो तो हसवणारा गडी. आपल्याच मंडपात, आपल्याच माणसांसमोर, आपली बोली हसण्यासाठी राखून ठेवलेली. मोठ्या पडद्यावर वऱ्हाडी-नागपुरीचं तेच होतं. भारत गणेशपुरेंसारखा कसदार नटही बहुतेकांना हसवणारा म्हणूनच माहीत. २०२२ मध्ये नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये नागपूरच्या वस्तीतली पोरं आपल्याच बोलीत रागावली, रडली, आणि अमिताभच्या शेजारी उभी राहून लहान वाटली नाहीत, तेव्हा माझ्या घशात काहीतरी अडकलं होतं. सूड घ्यायचा राग जर झाडीबोलीत आला तर मंडप हसेल का? पहिल्या मिनिटाला हसेल. दुसऱ्या मिनिटाला काय होईल हे मला पाहायचं आहे. एखाद्या लेखकाने येत्या मंडईत हे करून पाहावं, मी पहिल्या रांगेत सतरंजीवर बसायला तयार आहे.

गोवेकरांनी हे केव्हाच केलं. त्यांचा तियात्र हा कोकणी नाट्यप्रकार १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिल्यांदा उभा राहिला, लुकाझिन्हो रिबेरो यांच्या पुढाकाराने. तेव्हापासून तिथे परेरा नायकही असतो, खलनायकही, बापही आणि बेवडाही. कोकणीत रडणं, कोकणीत भांडणं, कोकणीत माफी मागणं. जिथे सगळ्या भूमिका आपल्याच असतात तिथे एक परेरा वाईट निघाला तर कुणाचं काही बिघडत नाही.

‘आजोशी’च्या शेवटी पोलिसांच्या गाडीत बसलेला ते-शिक एक विनंती करतो. गाडी एका छोट्या दुकानापाशी थांबते. तो सो-मीसाठी दप्तर घेतो, त्यात वह्या, पेन्सिली भरतो, आणि सांगतो की आता तुला एकटीने राहायचं आहे. मग विचारतो, एकदा जवळ घेऊ का? ती त्याच्या गळ्यात पडते. रक्ताने माखलेले हात कुठे ठेवावेत हे त्याला क्षणभर कळत नाही. मग तो ते दप्तरावरून तिच्या पाठीवर ठेवतो.